सव्वा किलोचा सोन्याचा बूट

संपादकांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "आयुष्यात एकूण किती सोनं पाहिलंत?" मी म्हटलं, "पुष्कळ. पण सगळं दुसऱ्याचं, त्यामुळं मोजायची वेळ आली नाही." ते हसले आणि म्हणाले, हेच लिहून द्या. दहावीनंतर मी पावती सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

मी विट्याजवळच्या खेड्यातला. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस गलाईला बाहेर पडलेला असतो. देशातल्या कुठल्याही शहरात जा, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत उभं राहा आणि "ओ पाव्हणं" अशी हाक मारा. एखाद्या भट्टीमागून आमचं माणूस डोकं वर काढतंच. मी चुलत्यांच्या मागोमाग केरळात कालिकतला गेलो आणि चौतीस वर्षं तिथं काढली. आता दुकान मुलगा बघतो. मी विट्यात असतो, पण सवय मोडलेली नाही. तेजाबानं, म्हणजे ॲसिडनं, बोटांची टोकं पिवळी पडली ती पडलीच. लग्नाकार्यात लोक माझा हात बघून विचारतात, "हळद लागली का काय?"

गलाई म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करणं. मोडका दागिना, तुटकी साखळी, सोनाराच्या दुकानातला केर, काहीही येतं. ते मुशीत वितळवायचं, त्यात चांदी मिसळायची, पत्रा करायचा आणि तेजाबात सोडायचा. चांदी, तांबं, जोडकामाचा डाग असं सगळं विरघळतं आणि तळाशी उरतं ते सोनं. पण ते पिवळंधमक असेल असं समजू नका. तपकिरीच्या डबीतली तपकीर सांडावी तशी भुकटी दिसते. नवी माणसं घाबरतात, माझं सोनं कुठं गेलं म्हणून ओरडतात. ती भुकटी पुन्हा वितळवली की मग लगडी तयार होते आणि गिऱ्हाइकाच्या जिवात जीव येतो.

त्याआधीचं काम म्हणजे टंच काढणं. टंच म्हणजे दागिन्यात खरं सोनं किती ते. काळ्या दगडावर घासायचं, रेघ उमटते तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडायचा. सोन्याची रेघ राहते, पितळेची हिरवा फेस काढून जाते. पण नुसतं वरवर घासून भागत नाही. वर मुलामा असेल तर दगड फसतो. म्हणून दागिन्याला बारीक चीर द्यायची आणि आतलं घासायचं. चुलत्यांनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. चीर दिल्याशिवाय टंच सांगायचा नाही, आणि सांगायचा तो मोठ्यानं, सगळ्यांसमोर. कुजबुजून सांगितलं की गिऱ्हाइकाला वाटतं, ह्यानं काहीतरी मारलं.

मोठ्यानं सांगण्यानं माणसं दुखावतात, हे मान्य आहे. एक बाई सासूची पुतळ्यांची माळ घेऊन आल्या. अठ्ठावीस पुतळ्यांतली एक खरी निघाली. तीन पिढ्यांतल्या सुनांनी आपापल्या अडचणीला एकेक काढून तिथं खोटी ओवली असणार. बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. त्या खरी पुतळी शोधून म्हणाल्या, "हीसुद्धा बदलायची माझ्याच मनात होती." दुसरे एक साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार. अंगठीचा टंच कमी निघाला तेव्हा म्हणाले, "पुन्हा तपासा, माझी ऑर्डर आहे." मी म्हटलं, "साहेब, मी ऐकतो, दगड ऐकत नाही." ते ताठ उभे राहिले, सॅल्यूट ठोकला आणि निघून गेले. तो मला होता की दगडाला, ते कळलं नाही.

पण जे लिहायला बसलो ते वेगळंच आहे. ते एका बुटाबद्दल आहे.

कालिकत हे फुटबॉलवेडं गाव. तिथं सामन्याच्या दिवशी भट्टी पेटवून उपयोग नसतो, गिऱ्हाईक मैदानावर. एके दिवशी दुकानात एक काटकुळा पोरगा आला आणि दारातूनच म्हणाला, "आण्णा, भाकरी मिळंल का? भात खाऊन खाऊन पोट बिघडलं." हा संभाजी. मिरजेजवळच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. मिरजेत फुटबॉल पूर्वीपासून, तिथल्या मैदानावर हा शिकला. डाव्या पायानं असा मारायचा की गोलकी उजवीकडं उडी घेऊन मोकळा व्हायचा. म्हणून नाव पडलं डावरा. खेळाडूंच्या कोट्यातून त्याला तिथल्या एका सरकारी खात्यात नोकरी लागली होती आणि तो खात्याच्या संघातून खेळत होता. पुढं आठ-दहा वर्षं त्याचं नाव गाजलं. चहाच्या टपरीवर त्याचा फोटो असायचा, रिक्षावाले पैसे घ्यायचे नाहीत. आमच्या घरी मात्र तो जमिनीवर बसून पिठलं-भाकरी ओरपायचा. माझ्या बायकोनं त्याला कधी खेळाडू मानलं नाही, खादाड मानलं.

आजच्या पोरांना मोबाइलवर फुटबॉलवाल्यांचे लिलाव दिसतात, कोटींचे आकडे दिसतात. त्यांना वाटतं, संभाजीनंही असंच छापलं असणार. म्हणून त्याची संपत्ती सांगून टाकतो, मला सगळी ठाऊक आहे. खात्याचा पगार. दोन खोल्यांचं क्वार्टर, तेही नोकरी संपेपर्यंत. बक्षिसं म्हणजे सहा प्रेशर कुकर, चार भिंतीवरची घड्याळं, एक सूटकेस, एक सायकल. कुकर बहिणींच्या, पुतणींच्या लग्नात गेले. डाव्या गुडघ्यावर दोन ऑपरेशनं, ती मिरजेच्या दवाखान्यात. आणि आता पेन्शन. मिरजेत लहानसं घर बांधलं आहे, सकाळी मैदानावर पोरांना फुकट शिकवतो. तारा म्हणावा असा हा माणूस, पण त्याची तिजोरी म्हणजे एक कपाट आणि त्यालाही कुलूप नाही.

आणि तो बूट. एका मोठ्या स्पर्धेत सर्वांत जास्त गोल मारल्याबद्दल त्याला 'गोल्डन बूट' मिळाला. इकडं वर्तमानपत्रात मथळा आला, 'मिरजेच्या सुपुत्राला सोन्याचा बूट'. भाषांतर चूक म्हणता येणार नाही. गोल्डन म्हणजे सोन्याचा, शाळेत असंच शिकवतात. त्याचे वडील, आबा, ते कात्रण कोपरीच्या खिशात ठेवून गावभर हिंडले. बाजाराच्या दिवशी कुणीतरी विचारलं, किती वजनाचा? आबांनी मनानंच सांगितलं, सव्वा किलो.

संभाजी बूट घेऊन माझ्याकडं आला. "आण्णा, टंच काढा. आबांनी पत्रात विचारलंय." लाकडी पाटावर बसवलेला, पिवळाजर्द, खालचे खिळेसुद्धा घडवलेले. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी टाचेला चीर दिली, घासली, थेंब सोडला. रेघ हिरवी होऊन गेली. आणि सवयीनं मी मोठ्यानं सांगितलं, "पितळ!" दुकानातली सगळी माणसं त्याला ओळखत होती. त्याचा चेहरा पाहिला आणि मला माझी जीभ चावावीशी वाटली. तो हळूच म्हणाला, "मला ठावं हुतं ओ. पण आबास्नी काय सांगू?"

इथं मी जन्मातलं एक खोटं काम केलं. खोट्यातून खरं वेगळं काढणारा मी, त्या रात्री नाही, भरदिवसा, पदरचं सोनं घालून त्या पितळी बुटाला जाड मुलामा चढवला. टाचेची चीर बुजवली. पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, म्हातारा चार दिवस मिरवेल, पाचव्या दिवशी विसरेल. चांगुलपणाच्या भरात माणूस असं काहीतरी करून बसतो.

आबा विसरले नाहीत. त्यांनी गावातल्या सोनाराला घरी बोलावलं. सोनारानं चीर द्यायला कानस काढली तर आबांनी त्याचा हात धरला, "पोराच्या बुटाला चीर न्हाई द्यायची." मग त्यानं नुसतं वरवर घासलं. दगडावर रेघ उमटली ती माझ्या सोन्याची. सोनारानं सांगितलं, एक नंबर. झालं. तेव्हापासून बूट संभाजीच्या आईच्या, हौसाआक्कांच्या लोखंडी पेटीत, किल्ली त्यांच्या कमरेला. वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर काढायचा, विळ्या-खुरप्यांशेजारी ठेवून त्याला हळदकुंकू लावायचं आणि परत पेटीत.

तेरा वर्षांपूर्वी आबांचं मोठं ऑपरेशन ठरलं. धाकटा मुलगा तानाजी, शेती बघणारा, दवाखान्याच्या व्हरांड्यात संभाजीला म्हणाला, "दादा, बूट इकू." आत कॉटवर आबा जागे होते, दार उघडं होतं. संभाजी म्हणाला, "बूट इकायचा न्हाई." एवढंच. कारण सांगितलं नाही. त्यानं सोसायटीचं कर्ज काढून जमेल तेवढे पैसे भरले, ते पुरले नाहीत. तानाजीनं विहिरीकडचं अर्धा एकर उसाचं रान विकलं. आबा काही वाचले नाहीत. तेराव्याला तानाजी पावण्यारावळ्यांसमोर म्हणाला, "बापापेक्षा बूट मोठा झाला." त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलायचे बंद झाले. वडील गेले, तेव्हा तरी खरं सांगून टाकायचं, असं मी संभाजीला कितीदा म्हटलं. तो म्हणायचा, "त्यानं मला तसला समजला नव्हं? मग समजू दे." दोघंही आबांचीच पोरं.

गेल्या वर्षी रानाची वाटणी करायचं ठरलं. तानाजीनं सांगितलं, बूटही वाटणीत धरायचा, आणि त्याचा टंच बाहेरच्या, माहितीच्या माणसानं काढायचा. नाव सुचलं माझंच. विट्याचे आण्णा, कालिकतला चौतीस वर्षं, शब्दाला पक्के. मला निरोप आला तेव्हा हातातला चहा निवून गेला. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी येऊन चीर दिली असती आणि संभाजी चोर ठरला असता, खरा बूट लपवून खोटा ठेवला म्हणून.

मी दगड, तेजाबाची बाटली, कानस घेऊन एसटीनं गेलो. संभाजी गावाच्या फाट्यावर उभा होता. गुडघ्यामुळं डावा पाय ओढत चालतो आता. म्हणाला, "आण्णा, आजवर काय मागितलं न्हाई. आज चौदा कॅरेट म्हणा. तान्याचा हिस्सा मी पेन्शनीतनं भागवीन."

"अरे, आबा गेले. आता कुणासाठी?"

"आई हाय की. शेजारणी आजून तिला 'सोन्याच्या बुटाची आई' म्हणत्यात. ह्या वयात तिला पितळंची करू व्हय?"

मी पिशवी खांद्याला लावून गावाकडं चालू लागलो.

सोप्यात सतरंजी टाकलेली. एका टोकाला तानाजी, दुसऱ्या टोकाला संभाजी, मधे हौसाआक्का भिंतीला टेकून. ऐंशीच्या पुढच्या, अंगानं मूठभर, पण नजर सुईत दोरा ओवणारी. तानाजी माझ्याकडं बघून म्हणाला, "आण्णा, त्यास्नी इचारा, चीर द्यायला हरकत हाय का." त्यास्नी म्हणजे चार हातांवर बसलेल्या सख्ख्या भावाला. संभाजी माझ्याकडंच बघून म्हणाला, "न्हाई म्हणावं." मला दोघांचीही मुस्कटं फोडावीशी वाटली.

हौसाआक्कांनी पेटी उघडून बूट माझ्या हातात दिला. झगझगीत होता. मी तो उजेडाकडं फिरवला आणि थबकलो. माझा मुलामा कुठंच नव्हता. नाडीच्या भोकांच्या आत, खोबणीत तेवढा जरासा उरला होता. जाड मुलामा पेटीत बसल्या बसल्या जात नाही. तो घासून जातो, आणि तोही चिंचेनं, रांगोळीनं, वर्षानुवर्षं घासून. खालच्या खिळ्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, आमच्या घरातल्या आजीच्या तांब्यासारख्या. मी मान वर केली. हौसाआक्का माझ्याकडंच बघत होत्या.

मी चीर दिली, घासलं, थेंब सोडला. चौदा कॅरेट हे शब्द ओठांवर आले, खोटं कशाला बोलू. पण हौसाआक्का म्हणाल्या, "आवं आण्णा, बोला की. मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं."

मी मोठ्यानं म्हणालो, "पितळ."

तानाजी ताडकन उभा राहिला. "काय सांगताय? सोनारानं आबांम्होरं दगडावर घासलेलं! एक नंबर म्हणला हुता!"

"त्यानं घासलं ते माझं सोनं," मी म्हणालो. "मीच मुलामा चढवला होता, कालिकतला. बूट पहिल्या दिवसापासून पितळेचाच. संभाजीनं काही लपवलं नाही, आबांचा मान राखायला गप्प बसला. चूक झाली ती माझ्या हातानं."

संभाजी आईकडं सरकला. "आई, तू मनाला लावून घिऊ नगं."

"मी काय लावून घिऊ?" हौसाआक्का म्हणाल्या. "दुसऱ्याच पावसाळ्यात खिळ्यांवर हिरवं चढलं. सोनं कळाकतं व्हय रं? तुझ्या आबाच्या नजरंला पडू नये म्हणून चिंच लावून घासला. घासला तसं वरचं पिवळं गेलं, मग दर खंडेनवमीला घासायलाच लागलं. एक वरीस घरात चिंच नव्हती. मी इकडं तिकडं हुडकाय लागली, तर ह्यांनी आपल्या हातानं आणून पाट्याजवळ ठिवली. म्हणलं, घे, दसरा आलाय. दुसरं काय बोललं न्हाईत."

संभाजीनं तोंडावर टॉवेल धरला. ज्या बापासाठी त्यानं इतकी वर्षं तोंड शिवून घेतलं, त्या बापाला सगळं ठाऊक होतं.

तानाजी हळूहळू खाली बसला. बुटाकडं बघत आईला म्हणाला, "म्हंजी तुला ठावं, आबास्नी ठावं, ह्याला ठावं. घरात ह्ये सोनं मानणारा मी एकलाच हुतो."

"व्हय बाळा."

"आन बारा वर्सं तू मला भांडू दिलंस."

हौसाआक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "चुकलं माझं. त्यांची लाज राखायच्या नादात तुमी दोघं हातचं गेलासा." ऐंशी ओलांडलेली बाई मुलासमोर हात जोडायला लागली तेव्हा तानाजीनं ते हात धरून खाली केले.

मी दगड पुसून पिशवीत टाकला. निघावं म्हणून चपला शोधत होतो. तेवढ्यात तानाजीनं बूट उचलला, तळव्यावर उलटा धरला आणि माझ्याकडं न बघता, कुणाच्या मार्फत न बोलता सरळ विचारलं,

"दादा, ह्यो मिळाला तवा गोल किती मारलेलास?"

संभाजीनं टॉवेल बाजूला केला. एवढ्या वर्षांत ह्या घरात बुटाचं वजन सगळ्यांनी विचारलं होतं. मी स्वतः टंच काढला होता.

"अकरा."

"समदे डाव्या पायानं?"

"धा. एक डोक्यानं."

"डोक्यानं?" हौसाआक्का पुढं वाकल्या. "आन मला आत्ता सांगतुयास? लागलं न्हाई का रं?"